वाशीमच्या मातीतली चौपदरी घडी

ऐन ऑगस्टात वाशीमला कशाला गेला होतात, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. "जिवाणू आणायला" असं सांगितलं की समोरचा माणूस जरा मागे सरकून बसतो. जिवाणू म्हटलं की लोकांना दवाखानाच आठवतो, त्याला मी काय करू? म्हणून आधी थोडं समजावून सांगते. तीस वर्षं शिकवण्यात गेली आहेत, तेव्हा तुम्ही नको म्हणालात तरी मी सांगणारच.

डीएनए म्हणजे दोन पदरांची पिळलेली दोरी, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. ते खरंही आहे, पण नेहमी नाही. त्या दोरीत चार प्रकारचे मणी असतात, त्यांतला एक ग्वानिन. जिथे ग्वानिन जवळजवळ आणि थव्याने येतात, तिथे दोरी आपला शहाणा पीळ सोडते. चार ग्वानिन एकमेकांचे हात धरून चौरस करून बसतात, त्या चौरसावर दुसरा चौरस, त्यावर तिसरा, आणि मधल्या पोकळीत पोटॅशियमचा कण. झाली चौपदरी घडी. आरएनएमध्ये तर ही घडी आणखी घट्ट बसते. शास्त्रात तिला जी-क्वाड्रुप्लेक्स म्हणतात. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही नुसतं 'घडी' म्हणतो. जनुकाच्या दाराशी अशी घडी बसली की ते जनुक वाचायला येणारी यंत्रणा अडते. म्हणजे ती एक प्रकारची कडी झाली.

माझी विद्यार्थिनी वैशाली मूळची सांगलीची. दोन वर्षांपूर्वी तिने वाशीम जिल्ह्यात मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावर सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींतून एक जिवाणू वेगळा केला होता. हे जिवाणू हवेतला नत्र धरून पिकाला देतात. त्याचा सगळा जीनोम आम्ही वाचला, तर नत्र धरणाऱ्या जनुकांच्या अगदी तोंडाशी अशी घडी होण्याजोगा मजकूर निघाला. इतक्या नेमक्या जागी तो मला आजवर दिसला नव्हता. मी लगेच सिद्धान्त मांडला. माती सुकली की जिवाणूच्या पोटात पोटॅशियम वाढतं, घडी आवळते, जनुक बंद होतं आणि जिवाणू आपली ताकद राखून ठेवतो. पाणी आलं की घडी सुटते आणि काम सुरू. किती सुंदर आहे ना? मला तर तो इतका आवडला की मी तो व्याख्यानांतून सांगायलाही लागले.

तेवढाच तुकडा नळीत तयार करून पाहिला, तर घडी झाली. पण प्रबंध तपासणाऱ्या समितीने वैशालीला एकच प्रश्न विचारला: जिवंत पेशीत ही घडी होते कशावरून? प्रश्न रास्त होता. त्याला जिवंत जिवाणू हवा, आणि तो आमच्याकडे नव्हता. सुट्टीत शीतपेटी बंद पडली होती आणि आतलं सगळं मेलं होतं. जीनोमचा अक्षरन् अक्षर संगणकावर शाबूत, आणि ज्याचा तो, तो गेलेला. मुदतवाढ एकदा मिळून संपत आली होती. तो जिवाणू सापडला नाही, तर वैशालीची सहा वर्षं अर्धवट कागद म्हणून कपाटात जाणार होती. त्या मुलीने तक्रार केली नाही, फक्त जेवायची बंद झाली. तेव्हा मी म्हटलं, चल, बॅग भर.

मानोरा

वाशीमपर्यंतच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. कंबर दुखली, इतकंच. तिथून भाड्याची गाडी करून मानोऱ्याकडे निघालो. पावसाने उघाड दिली होती. दोन्ही बाजूंना सोयाबीन फुलावर आलेलं आणि मधूनमधून तुरीच्या ओळी. गाडी तांड्याच्या अलीकडेच थांबवावी लागली, कारण पुढची वाट काळ्या मातीची. या मातीबद्दल मला आधी कुणी सांगायला हवं होतं. चार पावलांत माझ्या प्रत्येक चपलेला शेरभर वजन आलं, आणि पाचव्या पावलाला चप्पल मातीतच राहिली आणि पाय बाहेर आला. वैशालीने पाठ फिरवली. ती हसत होती हे मला खांद्यांवरून कळलं. बऱ्याच दिवसांनी हसत होती, म्हणून मी चप्पल जरा सावकाशच ओढून काढली.

शेत तिला बरोबर आठवत होतं. बांधावरचं बाभळीचं झाड, त्याच्या खाली पडकी विहीर. पण आत सोयाबीन नव्हतं. कमरेपर्यंत आलेली हळद होती, पार दुसऱ्या बांधापर्यंत. हळदीच्या मुळांवर गाठी येत नाहीत. वैशाली बांधावर मटकन बसली.

बाभळीखाली जयरामकाका नावाचे एक म्हातारे शेळ्या राखत बसले होते. त्यांनीच हाक मारली. "तुमी कोन वो? सर्वेवाल्या काय?"

"नाही काका," वैशाली म्हणाली. "हे शेत बेबीताई करायच्या ना?"

"करे ना, बटईनं. मालकानं हळद लावतो म्हनलं, मंग बेबीचं काय काम अठी? थे दोघं नवरा-बायको कवाचेच गेले केनवडले. तठी वावर भेटलं त्याईले. तुमाले काय पायजे होतं?"

"माती," मी म्हणाले.

काकांनी माझ्या पायांकडे पाहिलं. "लागली त हाय तुमाले." मग म्हणाले, "मातीवाल्या तुमी दुसऱ्या. बेबी बी जाताना टोपलंभर घेऊन गेली, याच वावरातली."

वैशाली उठून उभी राहिली. "कशाला नेली?"

"आमच्या तांड्यावर दोन-चार घरं करतात तसं. वावर सुटलं का जुनी माती न्यायची, अन् नव्या वावरात बियान्यासंग पेरायची. नवं वावर रुसत नाई म्हनतात."

"तुम्हीपण करता?"

"माही आई करे. मले कंटाळा."

मला त्या म्हाताऱ्याचा प्रामाणिकपणा फार आवडला. आणि ही रीत काही निव्वळ भाबडेपणा नव्हे. जिवाणूंची पाकिटं बाजारात आली नव्हती तेव्हा डाळवर्गी पीक नव्या जागी न्यायचं असेल, तर जुन्या शेतातली माती नेऊन मिसळण्याचा सल्ला शेतकी जाणकारही देत. आमच्या पुण्यात घर बदलताना लोक देव नेतात, तुळस नेतात; माती टाकून कुंडी नेणारेही मी पाहिलेत. आम्ही हळदीतली माती पिशव्यांत भरून घेतली, पण ती मनाच्या समाधानापुरती. त्या मातीत सोयाबीन लावून गाठींची वाट पाहायची तर दीड-दोन महिने जाणार, आणि तेवढा वेळ वैशालीकडे नव्हता. आमची सगळी भिस्त आता केनवडात गेलेल्या एका टोपल्यावर होती.

वाशीम

रात्री वाशीमला मुक्काम केला. सकाळी स्टँडजवळच्या टपरीवर तर्री पोहे खाल्ले. पुण्यात पोह्यांवर खोबरं आणि लिंबू असतं. इथे पोह्यांवर लाल तर्री ओततात आणि तुमच्याकडे बघत उभे राहतात. सांगलीच्या तिखटाचा वैशालीला फार अभिमान. तीन घासांनंतर ती पाणी शोधायला लागली. मी मुकाट्याने ताटली संपवली, आणि दिवसभर ते तिला ऐकवलं.

तिथेच चहा घेताना तिने विचारलं, "मॅडम, समजा सापडला. आणि प्रयोगात उलटंच निघालं तर?"

"काय उलटं?"

"घडी उन्हात आवळण्याऐवजी सुटली तर?"

"सुटणार नाही," मी म्हणाले. पोटॅशियम वाढलं तर घडी घट्टच होणार, हे नळीत हजारदा दिसलंय. मी तिला चहाच्या कपात बिस्किट बुडवून सगळं पुन्हा समजावलं. बिस्किट पडलं कपात. ती "होय मॅडम" म्हणाली, आणि आम्ही केनवडला निघालो.

केनवड

बेबीताई चाळिशीची, काटक बाई. पदर कमरेला खोचून ती भेंडी तोडत होती. अर्ध्या शेतात बाजारासाठी भाजीपाला आणि अर्ध्यात सोयाबीन. वैशालीला तिने लांबूनच ओळखलं. "अवं, मुळ्या उपटून नेनारी पोरगी ना तू? किती वाळली. पुन्यात जेवाले देत नाईत काय?" हे माझ्याकडे पाहून.

मी म्हटलं, "जेवत नाही तीच."

"काहून वं?"

वैशालीने सगळं सांगितलं. शीतपेटी, मेलेला जिवाणू, हळद, टोपलं. बेबीताईने भेंडीची पाटी खाली ठेवली आणि आम्हाला सरळ सोयाबीनमध्ये घेऊन गेली. "आनली ना माती. बियान्याले चोळली अन् पेरलं. पाहा, किती झाक पीक हाय."

पीक खरंच झाक होतं. वैशालीने खुरप्याने एक रोप अलगद उकरलं. मुळांवर टपोऱ्या गाठी. एक नखाने फोडली, तर आत गुलाबी. आत गुलाबी रंग असला की समजायचं, जिवाणू कामावर आहेत. तिने ती फुटकी गाठ माझ्यासमोर धरली. तिचे डोळे भरले होते, आणि खरं सांगते, माझेही. आम्ही रोपांमागून रोपं उकरली, गाठी धुतल्या आणि बर्फाच्या डब्यात ठेवायला घेतल्या.

तेवढ्यात बेबीताई सहज म्हणाली, "नुसत्या मातीवर नाई सोडलं मी. कृषी केंद्रातून थे जिवानूचं पाकीट बी आनलं होतं. गुळाच्या पान्यात कालवून थे बी लावलं. दोन्ही टाकलं, म्हनलं कमी पडाले नको."

वैशालीचा हात तसाच राहिला. पाकिटातला जिवाणू वेगळा, कारखान्यात वाढवलेला, सगळ्या देशभर जातो तोच. एका बियाण्यावर दोन्ही लावले, तर गाठीत कोण शिरला हे नुसतं पाहून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आणि पाकिटात ते कोट्यवधींनी असतात, टोपल्यात मूठभर. बेबीताईचं काही चुकलं असंही नाही. घरात दोन चांगल्या गोष्टी असताना एकच वापरणारी गृहिणी मी अजून पाहिली नाही. पण त्या क्षणी मला इतका संताप आला की मी तिथून उठून भेंडीच्या ओळीत जाऊन उभी राहिले. कुणावर चिडायचं तेच कळेना.

दुपारी तिने जेवल्याशिवाय सोडलं नाही. ज्वारीची भाकर, तरोट्याची भाजी, ठेचा आणि ताक. तरोटा म्हणजे पावसाळ्यात बांधावर आपोआप उगवणारा पाला. आमच्याकडे तो तण म्हणून उपटून फेकतात. इथे कांदा-लसणावर परतून काय चव आणली होती. मी दुसऱ्यांदा मागून घेतला. वैशाली भाकरीचे तुकडे मोडत बसली होती.

"एका जिवानूसाठी येवढी रडून राह्यली ही," बेबीताई मला म्हणाली. "त्याच्यात असं हाय तरी काय?"

मी सांगायचं ठरवलं. खताच्या गोणीवर नत्र, स्फुरद, पालाश (म्हणजे आपलं पोटॅशियम) लिहिलेलं असतं ना, त्यातला नत्र हा जिवाणू फुकट आणतो, इथपर्यंत तिला ठाऊकच होतं. मग मी तिच्या पदराचं टोक घेऊन त्याची चौपदरी घडी घातली. "त्याच्या आत असा एक धागा आहे. तो असा घडी होतो, आणि घडीच्या मधोमध पालाशचा कण बसतो. घडी बसली की नत्राचं काम बंद, उलगडली की सुरू. हे खरंच होतं का, ते हिला दाखवायचंय."

"पालाश बसला का बंद?"

"असं माझं म्हणणं आहे."

"अन् दाखवाचं हिनं?"

"हो."

बेबीताईने आपला पदर माझ्या हातातून सोडवून घेतला आणि वैशालीच्या ताटात ताक वाढलं. मग वाढता वाढताच तिचा हात थांबला. "थांब वं. नांग्या भरल्या थ्या?"

पेरलेलं बी जिथे उगवत नाही तिथे ओळीत मोकळ्या जागा राहतात. त्या काही दिवसांनी पुन्हा बी टोचून भरतात, त्याला नांग्या भरणं म्हणतात. पहिल्या पेरणीत पाकीट संपलं होतं. नांग्या भरायला घरातलं उरलेलं कोरं बी घेतलं, आणि टोपल्यात तळाशी राहिलेली मातीच काय ती त्याला चोळली. "पाकीट उरलंच नोतं, लावू कुठून?"

वैशाली ताटावरून तशीच उठली. तिला हात धुवायलाही मीच सांगितलं.

नांग्यांतली रोपं ओळखायला सोपी होती. बाकीच्यांपेक्षा वीतभर ठेंगणी. पण ती बांधाकडच्या एका कोपऱ्यातच होती, आणि थोडीच. मुळंही कोवळी. उकरून पाहणं पुरेसं नव्हतं, रोप सबंध उपटून न्यायला हवं होतं. वैशाली पहिल्या रोपापाशी बसून राहिली. बेबीताईकडे पाहिलं आणि पुन्हा रोपाकडे.

"काय पाहून राह्यली?" बेबीताई म्हणाली. "उपट. दोनदा पेरून बी मोकळंच राह्यलं म्हनीन मी."

मग ती स्वतःच खाली बसली आणि आम्ही तिघींनी मिळून तो कोपरा रिकामा केला. गाठी ज्वारीच्या दाण्याएवढ्या, त्याही मोजक्या. आजूबाजूच्या मातीतून पाकीटवाले तिथेही शिरले असणार, हे मला माहीत होतं. निघताना बेबीताईने भेंडी आणि काकड्यांनी एक पिशवी भरून दिली, आणि वैशालीला दटावून सांगितलं की निकाल काय तो फोन करून सांगायचा.

पुणे

मोठ्या रोपांच्या टपोऱ्या, गुलाबी गाठींतून जे जिवाणू वाढले ते सगळे पाकिटातले निघाले. मानोऱ्याच्या हळदीतली माती थेट तपासून पाहिली, तिच्यातही आमचा जिवाणू मिळाला नाही. नांग्यांमधल्या गाठी वैशालीने अगदी शेवटी उघडल्या, कारण तिथेही नाही निघाला तर पुढे काही उरत नव्हतं. त्यांतही बहुतेक पाकीटवालेच. पण एका ठेंगण्या रोपाच्या एका गाठीतून जो वाढला, त्याचा मजकूर वाचला आणि तो अक्षराला अक्षर जुळला. मी प्रयोगशाळेत मोठ्याने "अरे वा" म्हणाले. शेजारच्या खोलीतले लोक पाहायला आले. या वेळी त्याच्या कुप्या आम्ही तीन वेगवेगळ्या शहरांत ठेवल्या.

मग खरा प्रयोग. जिवंत पेशीत घड्यांना लागून चमकणारा एक रंग असतो. त्याने दाखवलं, घड्या आहेत. आमची ती नेमकी घडी ओळखायला आणखी एक किचकट पद्धत लागते, ती सांगून तुम्हाला छळत नाही. थोडक्यात, जिवाणूला पाणी द्यायचं, मग हळूहळू तोडायचं, आणि घडी कधी बसते, कधी सुटते ते पाहायचं.

वैशाली मला टाळायला लागली. मी आत आले की ती बाहेर. विचारलं की "चालू आहे मॅडम." शेवटी एका दुपारी मी तिला दारातच अडवलं. "काय लपवते आहेस?"

तिने संगणकावर आलेख उघडला. तिने प्रयोग पुन्हापुन्हा करून पाहिला होता, रसायनं बदलून, यंत्र बदलून. दर वेळी रेघ तशीच. पाणी असताना घडी बसलेली. सुकायला लागलं की सुटलेली. माझ्या सिद्धान्ताच्या बरोबर उलट. बहुधा पेशीतलं एखादं प्रथिन सुकताना ती घडी उलगडत असावं आणि पोटॅशियमला न जुमानता उलगडत असावं. पण ते पुढचं काम.

"मॅडम, माझं काही चुकलं असेल," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल तसं परत करते."

मी ते आलेख घरी नेले. दोन दिवस मी त्यांत चूक शोधत होते, आणि सापडावी म्हणून शोधत होते. सापडली नाही. मुलीने काम इतकं चोख केलं होतं की बोट ठेवायला जागा नव्हती. माझा लाडका सिद्धान्त गेला होता. वाईट वाटलं, फार वाटलं. तिसऱ्या दिवशी तिला बोलावून म्हटलं, "आहे तसं लिही. आणि माझं गृहीतक चुकलं, हे पहिल्याच प्रकरणात लिही, शेवटी तळटीपेत नको."

प्रबंध बांधून आला त्या दिवशी तिने माझ्या टेबलापाशी बसूनच केनवडला फोन लावला. फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. जिवाणू सापडला, घडी खरी निघाली, पण उन्हात ती आवळत नाही, सुटते, हे तिने सांगितलं.

"मंजे मॅडमचं चुकलं?" बेबीताईने विचारलं.

मीच म्हणाले, "हो, माझं चुकलं. हिचं बरोबर आलं."

"मंग चांगलं झालं," बेबीताई म्हणाली. "तुमचं चुकलं तरी तुमी मॅडमच राहता. हिचं चुकलं असतं, त हिले कोनं पुसलं असतं?"

वैशालीने मान वर केली नाही. मी पेन उघडलं आणि प्रबंधावर सही केली.